भाटघरची दारं आणि पानशेतची मोरी



स्मरणिका समितीचा निरोप आला, "तू इंजिनिअर आहेस, आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिही." भोर-वेल्ह्याच्या माणसाला इतिहास म्हटलं की राजगड, तोरणा आणि रायरेश्वर आठवतात. त्यांच्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे आपल्यातच अनेक आहेत. मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि त्यानंतरची वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. तेव्हा मी लिहिते आहे तो इतिहास आपण रोज बघत मोठे झालो, पण त्याला इतिहास कधी म्हटलं नाही. हा इतिहास ताकद इकडून तिकडे नेणाऱ्या यंत्रांचा आहे. बैलाची ताकद मोटेपर्यंत, इंजिनाची ताकद गिरणीच्या जात्यापर्यंत आणि माणसाच्या हाताची ताकद धरणाच्या दारापर्यंत कशी पोचते, आणि मुख्य म्हणजे ती वेळेवर पोचेल याची खात्री कशी धरायची, एवढाच या लेखाचा विषय आहे. आपल्या दोन तालुक्यांत या प्रश्नाची दोन मोठी उत्तरं उभी आहेत. एक भाटघरला, दुसरं पानशेतला.

मोट आणि गिरणीचा पट्टा

आधी लहान यंत्रांपासून सुरुवात करते. मोट आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिली असेल. बैल धावेवरून उतरतो, त्याची ओढ नाड्यातून चाकावर येते आणि विहिरीतली मोट वर येते. यात सुटे भाग इतके थोडे की बिघाड झाला तर शेतकऱ्याला तो लांबूनच कळे. चाक कुरकुरलं की तेल घालायचं, नाडा विरला की बदलायचा. ज्याला यंत्र वापरायचं तोच त्याची देखभाल करायचा, त्यामुळे दोन्ही कामांत अंतर पडत नसे.

मग ऑइल इंजिनं आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि नांगर, चरक, पंप अशी शेतीची अवजारं महाराष्ट्रातच घडू लागली. साताऱ्यात कूपर यांचा कारखाना उभा राहिला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. आपल्याकडे भाताचं पीक मोठं, त्यामुळे ही इंजिनं गावोगावच्या भाताच्या आणि पिठाच्या गिरण्यांत बसली. माझ्या वडिलांचीही अशी एक लहान गिरणी होती, म्हणून तिथली रचना मला पाठ आहे. इंजिनाच्या चाकावरून एक रुंद सपाट पट्टा वरच्या लांब शाफ्टवर जायचा. त्या शाफ्टवर दोन-तीन पुल्या असायच्या आणि प्रत्येक पुलीवरून एकेक पट्टा खालच्या यंत्राकडे उतरायचा. एका इंजिनावर भात सडायचं आणि दळणाचं अशी दोन्ही यंत्रं चालायची.

इंजिनिअरिंगला गेल्यावर पुस्तकात वाचलं की सपाट पट्ट्याची मोठी उणीव म्हणजे तो घसरतो. वडील मात्र त्यालाच पट्ट्याचा गुण म्हणायचे. दळणात खिळा किंवा खडा आला आणि जातं अडकलं तर पट्टा पुलीवर घसरायचा, फार तर खाली पडायचा. पट्टा परत चढवायला दोन मिनिटं लागत. तिथे पक्कं दंतचक्र असतं तर दात मोडले असते किंवा शाफ्ट पिळला असता आणि गिरणी आठवडाभर बंद राहिली असती. पुढे मला कळलं की याला शास्त्रात मान्यता आहे. शक्तिपारेषणाची यंत्रणा आखताना एक भाग मुद्दाम कमी ताकदीचा, स्वस्त आणि चटकन बदलता येईल असा ठेवतात. तो आधी हार मानतो आणि बाकीच्यांना वाचवतो. घरातल्या विजेच्या फ्यूजचं तत्त्व तेच.

पण हे तत्त्व सगळीकडे चालत नाही. गिरणी थांबली तर गिऱ्हाईक दळणाचा डबा ठेवून घरी जातं. पुरात धरणाचं दार अडकलं तर पाणी थांबत नाही. म्हणून धरणाच्या दारांचा हिशेब वेगळा असतो.

भाटघर: साखळी लहान करण्याचं उत्तर

वेळवंडी नदीवरचं भाटघरचं पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं गेलं. जे. ई. व्हायटिंग या इंजिनिअरच्या नावावरून त्याच्या जलाशयाला लेक व्हायटिंग म्हणत. नीरेच्या कालव्यांवरच्या शेतीची तहान वाढली तसं ते अपुरं पडू लागलं आणि त्याच्या खालच्या अंगाला नवं, कितीतरी मोठं धरण उभं राहिलं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या नावाचं हे धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झालं. लांबी सुमारे १६२५ मीटर, उंची जवळपास ५८ मीटर आणि साठा साडेतेवीस टीएमसीच्या आसपास. दगडी बांधकामाच्या आकारमानात त्या काळी ते जगातल्या सर्वांत मोठ्या धरणांमध्ये गणलं जाई. आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. बारामती, फलटण, माळशिरसचा ऊस या पाण्यावर उभा आहे.

धरण भरलं की आपल्याकडे बातमी एकाच शब्दांत यायची: "भाटघरची दारं उघडली." या धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. लहानपणी 'स्वयंचलित' म्हणजे विजेवर चालणारे असं मला वाटायचं. त्या शब्दाचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला आणि तेव्हा फार आनंद झाला.

या प्रकारच्या दरवाजांचं तत्त्व तराजूचं आहे. एका पारड्यात दार आणि दुसऱ्या पारड्यात जड प्रतिभार, मध्ये साखळी आणि कप्पी. प्रतिभार विहिरीसारख्या एका कोरड्या कप्प्यात लोंबकळत असतो. जलाशयाची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली की पाणी वाटेने त्या कप्प्यात शिरतं. नववीत आपण आर्किमिडीजचं तत्त्व शिकलो. बुडालेल्या वस्तूचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं कमी भासतं. तसा प्रतिभार हलका होतो, तराजू कलतो आणि दार हलतं. पूर ओसरला, कप्पा रिकामा झाला की तराजू उलट कलतो आणि दार मूळ जागी येतं. इथे वीज, मोटर किंवा इंजिन लागत नाही. मध्यरात्री, पावसात, कोणी झोपेतून उठवायलाही लागत नाही. ज्या पाण्यापासून धोका, तेच पाणी दार उघडण्याची ताकद देतं.

असे दरवाजे एकट्या भाटघरचे नाहीत. पुण्याच्या सायन्स कॉलेजमधून इंजिनिअर झालेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्यासाठी स्वतःच्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे तयार केले. १९०३ च्या सुमारास ते बसले आणि धरणाची भिंत न वाढवता सुमारे ८ फूट अधिक पाणी साठवता आलं. पुढे ग्वाल्हेरजवळचं तिग्रा आणि म्हैसूरचं कृष्णराजसागर इथेही ही पद्धत गेली.

यातला विचार मला महत्त्वाचा वाटतो. दार हाताने उचलायचं म्हटलं तर काय लागतं ते पाहू. एक माणूस हँडलवर सतत साधारण १० किलोचा जोर लावू शकतो. हँडलची त्रिज्या ४० सेंटिमीटर आणि मिनिटाला २४ फेरे धरले तर दोन माणसांची मिळून ताकद २०० वॉटच्या आसपास होते. त्यातली निम्मी दंतचक्रांच्या आणि बेअरिंगच्या घर्षणात जाते. उरलेल्या ताकदीवर १० टनांचं दार सेकंदाला फक्त १ मिलिमीटर वर येतं. एक मीटर उचलायला जवळपास १७ मिनिटं. अशी ४५ दारं असतील तर? पुराच्या रात्री एवढी माणसं, एवढा वेळ कुठून आणायचा? त्या काळच्या इंजिनिअरांनी याचं उत्तर माणसं वाढवून दिलं नाही. पाणी आणि दार यांच्यामधले टप्पेच त्यांनी कमी करून टाकले.

स्वयंचलित म्हणजे देखभालीशिवाय मात्र नव्हे. कप्प्याची वाट गाळाने, पालापाचोळ्याने बुजली, कप्पी गंजली, साखळीची एखादी कडी झिजली तर तराजू कलणार नाही. शिवाय ज्या दाराला उघडायला माणूस लागत नाही, ते खाली नदीत म्हशी धुणाऱ्या माणसाला विचारून उघडत नाही. म्हणून भाटघर भरत आलं की आजही नदीकाठच्या गावांना आधी इशारा द्यावा लागतो.

पानशेत: अर्धी राहिलेली साखळी

आता वेल्ह्याकडे वळते. आंबी नदीवरचं पानशेत धरण मातीचं. १९६१ च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदाच भरत होतं आणि काम पुरतं संपलेलं नव्हतं. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याची जी मोरी असते, तिच्या दरवाजांची उचल-यंत्रणाही पूर्ण झालेली नव्हती. दरवाजे अर्धवट उघडे अशा स्थितीत होते. पाऊस जोराचा झाला आणि जलाशय भराभर वाढला. मोरीतून वेगाने जाणाऱ्या पाण्याने हादरे बसू लागले, मोरीच्या वरचा मातीचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण तगवण्याची शर्थ केली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासलाही टिकलं नाही आणि त्याच दिवशी पुण्यात हाहाकार झाला. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. त्यांचं वय तेव्हा शंभरीच्या आसपास होतं.

पानशेतबद्दल आपल्या घरांतून अजून बोललं जातं, पण बहुतेक वेळा ते पुण्याच्या पुराबद्दल असतं. शनिवार पेठेत कुठवर पाणी आलं, लकडी पुलावर काय झालं. वेल्ह्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. इथल्या गावांनी धरणासाठी आधी जमिनी सोडल्या, अनेक कुटुंबं थेट दौंडकडे वसवली गेली, आणि ज्यासाठी सोडल्या ते धरण पहिल्याच पावसाळ्यात गेलं. आपल्या वर्गातही धरणग्रस्तांची मुलं होती. नंतर धरण पुन्हा बांधलं गेलं. आज त्या जलाशयाला तानाजी सागर म्हणतात आणि पुणं त्याचं पाणी पितं.

धरण फुटण्यामागे एकच कारण नसतं. पाऊस, मोरीचं बांधकाम, कामाची घाई, भराव या सगळ्यांचा त्यात वाटा होता. यंत्रांच्या बाजूने मात्र एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. दरवाजा तयार असणं आणि दरवाजा हलवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामाच्या यादीत दरवाजा बसला की मोठी खूण होते. त्यावरचा ड्रम, दंतचक्रं, दोर, ब्रेक, चालवणाऱ्याला उभं राहायची जागा ही कामं लहान दिसतात आणि 'मागाहून करू' या रकान्यात जातात. पाणी मात्र आपलं वेळापत्रक वाचून येत नाही.

विश्वासार्हतेचा हिशेब

इंजिनिअरिंगमध्ये विश्वासार्हतेची व्याख्या अशी करतात: ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, ठरलेलं काम यंत्र बिनचूक करील याची शक्यता. अकरावीच्या गणितातली संभाव्यता इथे कामाला येते.

समजा दार उचलण्याच्या यंत्रणेत १२ भाग आहेत: मोटर, कपलिंग, ब्रेक, गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंगं, ड्रम, दोर वगैरे. प्रत्येक भाग १०० पैकी ९९ वेळा नीट चालतो असं धरू. ऐकायला उत्तम वाटतं. पण दार उचलायला बाराही भाग चालावे लागतात, म्हणून ०.९९ ला स्वतःने बारा वेळा गुणायचं. उत्तर ०.८९ च्या आसपास येतं. म्हणजे १०० प्रयत्नांत ११ वेळा दार उचलणार नाही. साखळीत कडी वाढली की भरवसा घटतो. भाटघरचा तराजू हुशारीचा का, ते या गुणाकारात दिसतं.

आता उलट बाजू. ४५ दारांपैकी प्रत्येक दार उघडण्याची शक्यता ०.९९ धरली, तर सगळीच्या सगळी उघडण्याची शक्यता फक्त ६४ टक्क्यांच्या आसपास आहे. घाबरण्याचं कारण नाही, कारण एखाददुसरं अडकलं तरी बाकीची पाणी वाहून नेतात. चार किंवा अधिक दारं एकाच वेळी अडकण्याची शक्यता हजारात जेमतेम एक निघते. एका मोठ्या दारापेक्षा अनेक लहान दारं का बरी, त्याचं उत्तर इथे आहे.

पण या हिशेबात एक अट दडलेली आहे. प्रत्येक दाराचं नशीब वेगळं असलं पाहिजे. सगळ्या कप्प्यांना एकाच वर्षी ग्रीस मिळालं नाही, सगळ्या साखळ्या एकाच वयाच्या झाल्या, तर ४५ दारं एका दारासारखी वागतात आणि गणित कोसळतं. माझ्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हे मी जवळून पाहिलं आहे. मी काम करत असलेल्या एका कंपनीत मुख्य सर्व्हर बंद पडला तर दुसरा आपोआप सुरू होईल अशी सोय होती. बंद पडायची वेळ आली तेव्हा दुसराही सुरू झाला नाही. दोघांचा भार एकाच जुन्या स्विचवर होता आणि तो बदल वर्षभरात कोणी चालवून पाहिलाच नव्हता.

यंत्रांच्या जगातही हेच घडतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फोल्सम धरणाचं एक दार १७ जुलै १९९५ रोजी उघडत असताना मोडलं. दार ज्या खिळीवर फिरतं तिथे गंज आणि अपुऱ्या वंगणामुळे घर्षण वर्षानुवर्षं वाढत गेलं होतं. दाराचे हात त्या जादा ताणासाठी बनवलेलेच नव्हते. आपल्या शेजारी कर्नाटकात १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरणावरचा ताण कमी करायला ३३ ही दरवाज्यांतून पाणी सोडावं लागलं. आठवडाभरात वाहत्या पाण्यात पर्यायी पोलादी फळ्या उतरवून तो मार्ग बंद करण्यात आला. धरण सुमारे सत्तर वर्षं जुनं. तुटली ती साखळी, म्हणजे या लेखाचा विषय असलेला तोच भाग.

साखळी किंवा दोर आखताना नेहमीच्या भाराच्या पाच-सहा पट ताकद ठेवतात. ही जादा ताकद नव्या साखळीला असते. गंज दरवर्षी तिच्यातून थोडी थोडी काढून घेतो आणि वरून पाहिलं तर साखळी तशीच दिसते. म्हणून चांगल्या आखणीत एक प्रश्न आधीच विचारलेला असतो: हा भाग तपासायला माणूस तिथवर पोचेल का? पोचायला जागाच नसेल तर तो भाग कितीही भक्कम असो, आखणी अपुरी आहे असं मी मानते.

आपल्या हातात काय आहे

या सगळ्यातून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, आपल्या भागाने या देशाला यंत्रांच्या भरवशाबद्दल दोन धडे दिले आहेत आणि दोन्ही एका एसटीच्या अंतरावर आहेत. भाटघर सांगतं की मधले टप्पे कमी करा. पानशेत सांगतं की जे टप्पे आहेत ते पाणी येण्याआधी पूर्ण करा. आज आपल्याकडे नीरा देवघर आहे, वरसगाव आहे, गुंजवणी आहे. प्रत्येकाच्या दारांना हे दोन्ही धडे लागू आहेत.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. यंत्रणेचा इतिहास नकाशांत असतो तेवढाच तो माणसांच्या कानांत असतो. गिरणी चालवणाऱ्याला बेअरिंग कोरडं पडलंय हे आवाजावरून कळायचं. दारांवर ड्यूटी केलेल्या माणसांना कोणतं दार हट्टी आहे आणि कोणत्या पावसात कुठे गाळ साचतो ते माहीत असतं. आपल्या वर्गात पाटबंधारे खात्यातल्या कर्मचाऱ्यांची मुलं होती, गिरणीवाल्यांची होती, फिटर-वेल्डरची होती. त्या पिढीतली बरीच माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून माझी एक सूचना आहे. मेळाव्याच्या निमित्ताने प्रत्येकाने आपापल्या घरातल्या किंवा गावातल्या अशा एका माणसाशी तासभर बोलावं. कोणतं यंत्र होतं, ते कशावर चालायचं, काय बिघडायचं, कोण दुरुस्त करायचं, १९६१ च्या त्या दिवसात ते कुठे होते, एवढं लिहून काढावं. शक्य तिथे फोटो जोडावा. पुढच्या वर्षभरात ते एकत्र करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची जबाबदारी मी घेते. टायपिंग आणि स्कॅनिंग मी करीन, तेवढं काम माझ्या पेशाला शोभण्यासारखं आहे.

शेवटी आपल्या विज्ञानाच्या सरांना नमस्कार. आर्किमिडीजचं तत्त्व शिकवताना त्यांनी बादलीत दगड बुडवून ताणकाट्याचं वाचन आम्हाला एकेकाला फळ्यावर लिहायला लावलं होतं. त्या आकड्यांतला फरक काढायला आमच्या वर्गाने अर्धा तास घेतला आणि सरांनी तो दिला. भाटघरच्या दारांचा अर्थ मला पुढे जेव्हा कधी समजला, तेव्हा तो त्याच अर्ध्या तासामुळे लवकर समजला.